म्हसोबाचा अंगरखा

आधी कढईचं बोलू. माझी लोखंडी कढई तू कावून नेलीस? विचारलं असतंस तर मी नाही म्हणाले असते, तू हट्ट केला असतास, मी दिली असती, असं सगळं रीतीनं झालं असतं. आता मी जर्मनच्या पातेल्यात बेसन टाकते आणि ते बुडाला लागतं. तुझा नवरा जीवन मुकाट्यानं जेवतो. मधेच एक उसासा सोडतो. तो तुझ्यासाठी का कढईसाठी, ते मला अजून कळलेलं नाही.

तेलगावची वस्ती, म्हसोबाचा माळ
३ सप्टेंबर, गौरी गेल्याचा दुसरा दिवस

चि. सौ. योगितास साखराबाईचा आशीर्वाद. अमरसिंहाला गालावर एक मुका आणि पाठीवर एक धपाटा. इकडं सगळे बरे आहोत, तिकडं तुम्ही बरे असाल असं जीवनच्या तोंडून कळतं, पण त्याच्या तोंडातून एका वेळेला दोनच शब्द निघतात, म्हणून पुरतं कळत नाही.

फोन करायचा सोडून कागद कावून, असं तुझी आई विचारील. फोनवर माझं तोंड कसं चालतं ते तुला माहीत आहे आणि तू फोन कसा कापतेस ते मला. कागदावर शिवी लिहायची म्हटलं तर मला तिचे काने-मात्रे जुळवत बसावं लागतं, तोवर राग निघून जातो. तिसरी शिकल्याचा हा एक फायदा. रविवारी जीवन येईल त्याच्याजवळ हे देते. वाटेत त्यानं वाचू नये म्हणून भाताच्या शितानं चिकटवलंय. फाटलेलं दिसलं तर त्याला विचार.

काळी शेळी व्याली, दोन्ही पाटी झाल्या, बोकड एकही नाही. कापसाला पाऊस जास्त झालाय. तुझे सासू-सासरे पुण्यात सुखी आहेत. वॉचमनच्या खोलीत गौरी मांडायला जागा नाही म्हणून माझ्या लेकानं, आसारामानं, माझ्या गौरी मोबाइलवर बघितल्या आणि तिथूनच हात जोडले. तुझी सासू म्हणाली, मोठ्या गौरीचा पदर वाकडा आहे. पुण्याहून दिसला तिला.

जीवन सांगत होता, तुझी आई सारजाबाई अमऱ्याला सकाळी चहात बिस्किटं बुडवून देते. तिला माझा नमस्कार सांग आणि हेही सांग, की माजलगावच्या डॉक्टरीणबाईनं चहा साफ बंद सांगितलाय. पोटात गेलेलं लोखंड चहा अंगी लागू देत नाही. तू त्याला माझ्या कढईत मेथी परतून घालायचीस आणि वर तिनं चहा ओतायचा, मग कढई नेली कशाला? कढईचं काही नाही, राहू दे तिकडंच. पण चहा बंद.

तू म्हणशील, म्हातारी डॉक्टर झाली. झालेच आहे थोडी. त्या दिवशी माजलगावला डॉक्टरीणबाई बोलत होत्या तेव्हा तू रडत होतीस आणि जीवन फरशीकडं बघत होता. ऐकत मी एकटीच होते. म्हणून मी काय ऐकलं ते लिहिते, त्यात पुढं आणखी विचारून आणलेलंही आहे.

पोरगं पांढरं पडलं, पोट दुखतंय म्हणून लोळायचं, भिंतीचे पोपडे काढून खायचं, आणि नाव अमरसिंह. वजन मांजराएवढं. मला वाटलं नजर लागली. तुला वाटलं जंत आहेत. बाईंनी अमऱ्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली आणि मग माझा हात हातात घेतला. मला वाटलं नमस्कार करतायत. त्या माझी नखं बघत होत्या. म्हणाल्या, "आजी, हे लाल काय आहे?" मी सांगितलं, म्हसोबाचा शेंदूर, दर रविवारी तेलात मळून देवाला लावते, चाळीस वर्षं झाली, जात नाही नखातून. पुढं त्यांनी विचारलं, लेकराला जेवू कोण घालतं. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, मीच की. माझ्या हातचा काला असल्याशिवाय खात नाही तो.

मग रक्त काढलं, ते कुठं मोठ्या गावी पाठवलं, आणि श्रावणात कागद आला. रक्तात शिसं. शेंदूर म्हणजे शिशाचाच भुगा असतो म्हणे, देवाला लावा नाही तर दाराला.

त्या दिवशी संध्याकाळी ओसरीत तू जे बोललीस ते मी विसरले नाही. तू म्हणालीस, "तुमच्या देवानं माझं लेकरू गिळलं असतं." आणि मी म्हणाले, "देवाला नाव ठेवू नको, तुझं दूधच मानवलं नाही त्याला." सकाळी तू पिशवी भरलीस. कढई तेव्हाच भरलीस, मी बघत होते. अडवली नाही, कारण अडवायला उठले असते तर तुझा हात धरला असता, कढईचा नाही.

बरं. आता शिशाचं ऐक, कारण हे तुला उपयोगी पडेल.

मी बाईंना विचारलं, आम्ही चांगलं खातोपितो, शिसं आत शिरतं कसं. त्या म्हणाल्या, अंगाला लोखंड लागतं, चुना लागतो, जस्त लागतं. हे धातू अंगाचे आपले. ते कमी पडले की अंग भुकेलं होतं आणि समोर जे येईल ते ओढून घेतं. शिसं त्यांच्यासारखंच तोंड करून येतं आणि त्यांच्या जागेवर बसतं. लेकराच्या अंगात लोखंड कमी होतं म्हणून तो माती खात होता, आणि लोखंड कमी होतं म्हणूनच शिसं जास्त शिरलं. मी म्हणाले, म्हणजे एस्टीसारखं झालं. खिडकीतून आपला रुमाल टाकून ठेवला असता तर जागा धरली गेली असती. नाही टाकला, तर कोण कुठला येऊन बसला. बाई एवढ्या हसल्या की बाहेरची पोरं आत डोकवायला लागली. म्हणाल्या, हे मी आता सगळ्यांना सांगणार. मी म्हणाले, सांगा, पण साखराबाईची एस्टी म्हणून सांगा.

तर रुमाल टाकायचा तो असा. औषधाचं लोखंड बाईंनी दिलंय तेवढंच द्यायचं, लवकर बरा व्हावा म्हणून एक चमचा जास्त नाही. जास्त लोखंड हेही विषच. आणि ते दुधाबरोबर द्यायचं नाही. लोखंड आणि दुधातला चुना म्हणजे जावा-जावा, एका वेळी एका चुलीशी उभ्या केल्या की दोघी उपाशी राहतात. औषध सकाळी, दूध दुपारून. औषधावर लिंबाचं पाणी, लिंबू लोखंडाला हात धरून आत नेतं. शेवग्याचा पाला, हुलग्याचं माडगं, तीळ, अळीव, खारीक, अंडं. जस्ताचं मी विचारलं, जस्त तर आमच्या घराच्या पत्र्यावर असतं, पोरानं पत्रा चाटायचा का? ते डाळीत आणि तिळात मिळतं म्हणे, पत्रा राहू द्या. उपाशीपोटी राहू द्यायचं नाही, रिकाम्या पोटात शिसं जोरात शिरतं. थोडं थोडं, सारखं सारखं चारायचं. हे काम सारजाबाईला चांगलं जमेल, तिचं स्वतःचंही तसंच चालतं.

पण बाईंनी एक गोष्ट दोनदा बजावली. हे सगळं शिशावरचं औषध नाही. हे नुसतं जागा धरणं. शिसं येतं कुठून ते आधी बंद करा, नाही तर एका हातानं खारीक आणि दुसऱ्या हातानं शेंदूर, असं होईल.

इथं मी थांबते. शेळ्या कापसात शिरल्या.

*

दुसऱ्या दिवशी लिहिते. शेळ्या काढल्या, त्या शिव्या त्यांनाच घातल्या, तुझ्यासाठी उरल्या नाहीत.

शिसं कुठून येतं ते मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. पण मला वाटलं, हात धुतले की झालं. हात मी धुतले, नखं काढली, आणि रविवारी काठीला फडकं बांधून शेंदूर लावला. मोठी हुशारी केली असं वाटलं. तू गेलीस त्याच्या पुढच्या रविवारची गोष्ट. नेहमीसारखं शेळीचं सकाळचं पहिलं दूध म्हसोबाच्या डोक्यावर घातलं, खाली वाटी लावली, त्यात उतरलेलं दूध तीर्थ म्हणून तोंडात घातलं आणि अमऱ्याचा घोट वाटीत ठेवून त्याला हाक मारली. हाक मारल्यावर आठवलं, तो तुझ्या माहेरी दिंद्रुडला आहे.

वाटीत बघितलं. दूध गुलाबी होतं. ते नेहमीच गुलाबी असतं, योगिता. मला ते छान दिसायचं. पोरगं वाळत चाललं तसं मी त्याला एक घोट वाढवला होता, की देव सांभाळील. तू तीर्थाला कधी तोंड लावलं नाहीस, त्यावरून मी तुला काय काय बोलले. जीवनला सकाळच्या पारी सवड नसते. ते तीर्थ पिणारे घरात आम्ही दोघंच, एक सगळ्यांत लहान आणि एक सगळ्यांत थोर.

मी ते दूध खड्डा करून पुरलं. मांजरालाही दिलं नाही.

आता म्हसोबाची खबर. ही वस्तीवर तुला कोणीही सांगेल, पण माझ्याकडून ऐक. म्हसोबानं अंगरखा सोडला. गौरीच्या जेवणादिवशी शेंदराचं कवच अख्खं सुटून पडलं. असं कधी तरी होतं म्हणून आपण ऐकतो, या वस्तीनं बघितलं नव्हतं. सटवानं, तो आपल्या बांधाशेजारचा, जो पंचांग न बघता पंचांग सांगतो, त्यानं सगळ्यांना सांगितलं की देव प्रसन्न झाला, यंदा दूध दुप्पट. माणसं नारळ घेऊन आली. सटवा म्हणाला, कवच वाजत-गाजत सिंदफणेत सोडू. मी म्हणाले, नदीत नाही, मला दृष्टांत झालाय, विहिरीपासून लांब माळावर खोल पुरायचं, आणि इथून पुढं शेंदूर नको, घरी कुटलेली हळद आणि फुलं. सटवा म्हणाला, "म्हंजी देव असा उघडाच ठेवायचा व्हय?" मी म्हणाले, "तू उन्हाळाभर बनियनवर पारावर बसतोस, तुला कुनी काय म्हनलं का?" मग त्यानंच पहिला नारळ फोडला.

दृष्टांत मला होत नाहीत, हे तुला माहीत आहे. उभ्या जन्मात मला स्वप्नात एकदा म्हैस दिसली तेवढीच. तो दृष्टांत मी तिथंच उभ्या उभ्या पाडला.

आणि आता खरं लिहिते. कवच आपोआप सुटलं नाही. पहार मी लावली.

गौरीच्या जेवणाला सगळी वस्ती पुरणपोळीवर बसली होती तेव्हा मी आणि जीवन माळावर गेलो. बाईंनी सांगितलं होतं, कोरडं खरवडू नका, भुगा नाकात जातो. म्हणून आदल्या दिवशी त्यावर ओली पोती टाकून ठेवली होती. तोंडाला फडकं, हातात बाईंनी दिलेले रबरी मोजे. जीवनच्यानं हात उचलवेना. पहार धरून उभा राहिला, त्याचे ओठ हलत होते. मी म्हणाले, दे इकडं. मी लावते रंग, मीच काढते, देवाला बोलायचं तर मला बोलेल, आमची चाळीस वर्षांची ओळख आहे. मग म्हसोबालाच सांगितलं, लेकरू परत यायचं असेल तर तू अंगावर कुंकवाएवढाही शेंदूर ठेवणार नाहीस, तुला चालतं का ते आताच बोल. तो काही बोलला नाही. मी त्याला होकार धरला. नवऱ्याच्या बाबतीतही मी असंच धरायची.

फटीत पहार घालून दाब दिला आणि कवच टरबुजाच्या सालीसारखं उकललं. आत काय होतं सांगू? एवढासा धोंडा. काळा, गुळगुळीत, आपल्या अमऱ्याच्या डोक्याएवढा. आमच्या पिढ्या शेंदरावर शेंदूर चढवत गेल्या आणि आम्ही त्या लालीला भीत राहिलो. मी त्याला पाण्यानं धुतला, तेव्हा तो न्हाऊन काढलेल्या पोरासारखा दिसत होता. जीवन हसला. तू गेल्यापासून पहिल्यांदा.

कवच तसंच देवापाशी ठेवून आम्ही जेवायला आलो. पुरणपोळी गार झाली होती. मग मी ओरडले, अहो, म्हसोबाकडं चला, बघा काय झालंय. सटवाचा नारळ फुटल्यावर जीवननं माळावर लांब खोल खड्डा खणला आणि कवच पोत्यात गुंडाळून पुरलं. वस्तीवरच्या लेकुरवाळ्यांना मात्र मी दृष्टांत-बिष्टांत काही सांगितलं नाही. त्यांना खरं कारण सांगितलं, शिसं म्हणून सांगितलं, एस्टीचा रुमालही सांगितला. त्या कोणाला बोलायच्या नाहीत. बोलल्या तर बोलल्या.

घर ओल्या फडक्यानं पुसून काढलं, कोपरा न कोपरा. माझी ती लाल पदराची सुती साडी, जिला मी हात पुसायची, ती कवचाबरोबर पुरली. पोरगं जे पोपडे खायचं त्या भिंतीला जीवननं नवा गिलावा केला. अमऱ्याचं जावळ राहिलंय. म्हसोबासमोरच काढायचं म्हणून मी दोन वर्षं अडून बसले होते. तुझ्या मनाला येत नसेल तर तिकडं काढ, सारजाबाईच्या अंगणात. मी येईन, बोलवलंस तर. तोंड घरी ठेवून येईन असं मात्र म्हणत नाही.

आता एक उरलं. ते आधी लिहायचं होतं, शेळ्या आल्या, मग म्हसोबा आला, असं करत खाली आलंय.

पोळ्याच्या आधी मी माजलगावला बांगड्या भरायला गेलते, असं जीवनला सांगितलं. बांगड्या भरल्याही. पण आधी डॉक्टरीणबाईकडं गेले. कासंडी हातातून सुटत होती माझ्या, दूध काढताना बोटं जुळत नव्हती, पोटात तिडीक यायची. मी म्हणायची वय झालं. ते गुलाबी दूध बघितल्यावर म्हटलं, वयाला उगाच बोल लावतोय आपण. बाई म्हणाल्या, मी लेकरांची डॉक्टर आहे आजी. मी म्हणाले, मग लेकरू समजा. त्यांनी रक्त काढलं. कागद आला तो माझ्या नावाचा. अमऱ्याच्या तिप्पट. म्हणाल्या, म्हाताऱ्या हाडांत मुरलेलं आहे, हळूहळू उतरेल, मोठ्या दवाखान्यात दाखवायला लागेल, घाबरू नका. मी घाबरले नाही. घरी येऊन अळिवाचा लाडू खाल्ला. रोज खाते. जेवणानंतरचा चहा सोडलाय, म्हणून मी सध्या चिडकी असते, आधीसारखी गोड राहिले नाही.

जीवनला हे माहीत नाही. त्याला सांगितलं तर तो फरशीकडं बघत बसेल. तुला सांगते, कारण तू निदान भांडशील.

आणि दुधाचं जे मी बोलले होते ते बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, आईच्या दुधात काही कमी नव्हतं. हे मी त्यांचं म्हणणं म्हणून कळवते. माझंही तेच आहे असं धरलंस तरी माझी हरकत नाही.

दसऱ्याच्या आधी अमऱ्याचं रक्त पुन्हा काढायचंय आणि माझंही. बाईंनी दोघांना एकाच दिवशी बोलावलंय. सुई टोचताना तो माझ्याच मांडीवर गप बसतो, त्याला मी धरीन. मला सुईची भीती वाटत नाही असं मी सगळ्यांना सांगते. मागच्या वेळी एकटीच गेले, तेव्हा भिंतीवरच्या पोरांच्या चित्राकडं बघत राहिले आणि सुई कधी निघाली ते मला कळलं नाही, कारण मी डोळे मिटले होते. या वेळी माझा दुसरा हात कोणी तरी धरावा, असं मला वाटतं.

तुझी आजेसासू,
साखराबाई

उत्तर सारजाबाईनं द्यायचं नाही, जीवनजवळ निरोप धाडायचा नाही, मोबाइलवर पिवळा अंगठा पाठवायचा नाही. उत्तर तू द्यायचं, योगिता. शिव्या लिहिल्यास तरी चालतील, पण तुझ्या हातच्या.